नृत्याचार्य पार्वतीकुमार

दक्षिण कोकणात दशावताराचा खेळ न पाहिलेला मनुष्य विरळा. त्यात राजाही पुरुष, राक्षसही पुरुष, आणि लुगडे नेसून येणारी राणीही परंपरेने पुरुषच. असे असूनही एखाद्या मुलाने घरी येऊन, 'मी नृत्य शिकणार,' असे सांगितले, तर वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडावयाच्याच! ज्या विद्यार्थिमित्रांस नृत्य हे पुरुषाचे काम नव्हे असे वाटत असेल, त्यांनी आपल्याच भागातील एका नृत्याचार्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे. त्यांचे नाव आचार्य पार्वतीकुमार. त्यांचा जन्म १९२१ साली मालवण येथे झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.

पार्वतीकुमार यांनी मुंबईत गुरु चंद्रशेखर पिळ्ळे यांजपाशी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. तथापि त्यांचे नाव प्रथम गाजले ते 'बॅले' या प्रकारात. बॅले म्हणजे, थोडक्यात सांगावयाचे तर, संवादांवाचून नृत्य, संगीत व नेपथ्य यांच्या साहाय्याने कथा सांगणे. ही कला युरोपातील राजदरबारांत वाढली. १९२३ साली उदयशंकर यांनी अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीसमवेत लंडन येथे नृत्य केले, व पुढे भारतीय नृत्यावर आधारलेले बॅले निर्माण केले. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेने अशी नृत्यनाट्ये रंगभूमीवर आणली. त्यांपैकी 'देख तेरी बंबई' या बॅलेची नृत्यरचना पार्वतीकुमार यांची होती. पुराणकथा सोडून मुंबई शहराचे रोजचे जीवन नृत्याचा विषय होऊ शकते, हे त्यातून लोकांस दिसले.

परंतु त्यांचे सर्वांत चिरस्थायी कार्य याहून निराळे आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी तंजावर येथे मराठ्यांचे राज्य स्थापिले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे मोठे विद्याव्यासंगी होते. श्वार्ट्झ नावाचे मिशनरी त्यांचे गुरु. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी तंजावरच्या चर्चमध्ये संगमरवरी स्मारक उभारविले. या सरफोजी राजांच्या नावे नृत्यासाठी रचलेली मराठी 'निरूपणे' तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखित स्वरूपात राहिली होती. निरूपण म्हणजे एकाच कथेत ओवलेल्या नृत्यरचनांची माळ. तीत शब्द, वर्ण, पद, तिल्लाना इत्यादी प्रकार क्रमाने येतात. राग व ताल मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कविता कागदावर टिकते. नृत्य टिकत नाही. हस्तलिखितात शब्द सापडतील, पण पाऊल कसे पडावे, दृष्टी कोठे वळावी, हे त्यात कोठून सापडणार? नर्तकाच्या देहाबरोबर नृत्य जाते. शिष्याच्या देहात उतरले तरच ते उरते. म्हणून ही निरूपणे वाचून भागण्यासारखे नव्हते. पार्वतीकुमार यांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यांस पुन्हा नृत्यरूप दिले आणि ती शिष्यांकडून बसवून घेतली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८२ साली त्यांचा 'तंजावूर नृत्य प्रबंध' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भरतनाट्यम ही केवळ तमिळ वा तेलुगू भाषेची मिरास आहे असा ज्यांचा समज होता, त्यांस त्या परंपरेतील मराठी वाट्याचे हे प्रत्यक्ष प्रमाणच मिळाले.

सुचेता भिडे-चापेकर व संध्या पुरेचा या त्यांच्या नामांकित शिष्या. पैकी सुचेताबाईंनी मराठी रचनांवरील नृत्याचे प्रयोग केले, तर संध्याबाई २०२२ साली संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. त्याच अकादमीने पूर्वी त्यांच्या गुरूंचाही गौरव केला होता.

२०१२ साली आचार्य निवर्तले. नर्तकास रंगभूमी कधी ना कधी सोडावीच लागते. परंतु त्याने दुसऱ्यास शिकविलेले पाऊल पुढे चालत राहते. आपणही जी विद्या गुरुजनांकडून घेतो, ती आणखी एकास नीट देईपर्यंत आपले ऋण फिटले असे समजू नये.