सीडीवरून बूट केल्यावर बॅच फाइल का रुसते?

आजचा भाग कॉलेजची लॅब किंवा ऑफिसमधले पीसी सांभाळणाऱ्यांसाठी. विंडोज आपोआप इन्स्टॉल करायला तुम्ही बूटेबल सीडी बनवता, तिच्यात बॅच फाइल टाकता. आपल्या लॅपटॉपवर ती झकास चालते. सीडीवरून बूट केलं की मात्र काळ्या खिडकीत एरर येते, पाथ सापडत नाही. असं का होतं?

कारण सीडीवरून सुरू होतं ते आपलं रोजचं विंडोज नसतंच. ते असतं विंडोज पीई, म्हणजे छोटंसं, तात्पुरतं विंडोज. ते रॅममध्ये राहतं आणि त्याचा ड्राइव्ह असतो एक्स. बाकीच्या ड्राइव्हना अक्षरं ते स्वतःच्या हिशोबाने वाटतं. त्यामुळे तुमच्याकडे डी असलेली सीडी दुसऱ्या पीसीवर ई किंवा एफ होऊ शकते.

म्हणून पहिला नियम: अक्षर गृहीत धरू नका, शोधा. सीडीवर वेगळ्याच नावाची एक रिकामी फाइल ठेवा. मग फॉर लूपने सी ते झेड फिरा आणि इफ एक्झिस्टने ती कुठे आहे ते बघा. जिथे सापडेल, ती तुमची सीडी. एक गंमत लक्षात ठेवा, प्रॉम्प्टवर लूपच्या व्हेरिएबलला एक टक्का-चिन्ह लागतं, बॅच फाइलमध्ये दोन. हाताने टाइप केलेली ओळ चालते आणि फाइलमधली अडते, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

दुसरं, क्रम. स्टार्टनेट डॉट सीएमडी ही फाइल पीई सुरू होताना चालते. तिच्यात आधी डब्ल्यूपीई-इनिट होऊ द्या, नेटवर्क त्यानंतर मिळतं. एका बॅचमधून दुसरी चालवायची तर आधी कॉल लिहा, नाहीतर कंट्रोल परत येतच नाही. आणि 64 बिटच्या पीईमध्ये 32 बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, तेही एकदा तपासा.

तिसरं, लॉग. सीडीवर काही लिहिता येत नाही आणि एक्सवर लिहिलेलं रीस्टार्टला उडून जातं. तेव्हा लॉग पेनड्राइव्हवर घ्या. टेस्टिंग चालू असेपर्यंत प्रत्येक टप्प्यानंतर पॉज टाका आणि एररलेव्हल छापा. इफ एररलेव्हल 1 याचा अर्थ "1 किंवा त्याहून जास्त" असा आहे, फक्त 1 नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्कपार्टमध्ये सिलेक्ट डिस्क 0 आणि मग क्लीन, या दोन ओळी मला अनेक स्क्रिप्टमध्ये दिसतात. क्लीन "नक्की ना?" असं विचारत नाही, पार्टिशन थेट पुसून टाकतं. आणि डिस्क 0 म्हणजे आतली डिस्कच असेल याची काही खात्री नसते. लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही असू शकते, ज्यात कुणाचा तरी अख्खा प्रोजेक्ट असतो. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी बाहेरच्या डिस्क काढा. स्क्रिप्टला आधी लिस्ट डिस्क दाखवायला लावा, साइज डोळ्यांनी बघा आणि मगच पुढे जा. तेवढ्यापुरतं "ऑटोमॅटिक" थांबलं तरी चालेल!

नवीन स्क्रिप्ट आधी व्हर्च्युअल मशीनवर दोन-तीनदा चालवा. तिथे डिस्क पुसली गेली तरी कुणाचं काही जात नाही. तुमची बॅच फाइल कुठे अडते ते कळवा, त्यावर पुढच्या भागात बोलू. भेटूच!