श्रेयनामावलीतली माणसं

२००९ साली इंग्लंडमध्ये 'टॉकिंग विथ स्ट्रेंजर्स' नावाचा अल्बम निघाला. गायिका ज्युडी डाइबल, वय साठ. मुखपृष्ठावर नाव तिचं एकटीचं. आतली श्रेयनामावली वाचताना मात्र प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कुणाही रसिकाचे डोळे विस्फारतील. किंग क्रिम्सनचा रॉबर्ट फ्रिप, त्याच बँडच्या पहिल्या अल्बमवर बासरी आणि सॅक्सोफोन वाजवणारा इअन मॅकडोनल्ड, पुढच्या पर्वातला क्रिम्सनचा ड्रमवादक पॅट मास्टेलोटो, फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा सायमन निकोल, पेंटँगलची जॅकी मॅकशी अशी सगळी मंडळी एका अल्बमवर होती. त्यांना एकत्र आणणारी बाई मधली कित्येक वर्षं संगीतापासून लांब होती. ती ग्रंथालयात काम करत होती.

डाइबल ही फेअरपोर्ट कन्व्हेन्शनची पहिली गायिका. १९६८ मध्ये ती त्या बँडमधून बाहेर पडली आणि काही दिवस जाइल्स, जाइल्स अँड फ्रिप या चमूबरोबर गायली. हाच चमू पुढे किंग क्रिम्सन झाला. 'आय टॉक टू द विंड' हे क्रिम्सनचं गाणं १९६९च्या अल्बमवर ग्रेग लेकच्या आवाजात आहे. त्याचं घरगुती ध्वनिमुद्रण त्याआधी डाइबलच्या आवाजात झालं होतं आणि ते १९७६ मध्ये एका संकलनात आलं. तिच्या २००९च्या अल्बमवरची 'हार्पसाँग' ही एकोणीसेक मिनिटांची रचना म्हणजे तिच्याच आयुष्याची गोष्ट. त्या रचनेत वाजवणाऱ्यांपैकी काहींनी त्या आयुष्याचा तो भाग तिच्याबरोबर जगलेला आहे. माझ्या मते स्वतंत्र कलाकाराच्या अल्बमवर पाहुण्या वादकाचं खरं काम हेच असतं. तो नाव उधार द्यायला आलेला नसतो. त्या संगीताला जे माहीत असायला हवं, ते तो सोबत घेऊन येतो.

ज्यांचा प्रोग्रेसिव्ह रॉकशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि लोकगीतं यांतून रचनेच्या कल्पना घेतल्या. गाणी वीस-वीस मिनिटांची झाली, मधेच ताल बदलू लागले. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांवर चालतं. रूपक कानात असलेल्या माणसाला ते ऐकताना परकं वाटू नये. यस, जेनेसिस, किंग क्रिम्सन, एमर्सन लेक अँड पामर ही त्या पिढीची नावं.

त्या काळातही पाहुणे होतेच. किंग क्रिम्सनच्या 'लिझर्ड' या १९७०च्या अल्बमवर यसचा गायक जॉन अँडरसन एका भागात गायला. जॅझचा पियानोवादक कीथ टिपेट त्याच सुमारास त्यांच्यासाठी वाजवत होता आणि त्याच्यामुळे त्या संगीताची कडा बदलली. १९७५ मध्ये पिंक फ्लॉइडचं 'हॅव अ सिगार' रॉय हार्परने गायलं. मात्र पाहुण्याचा हिशेब कसा चुकतो, हे समजायला क्लेअर टॉरीची गोष्ट ऐकावी लागते. २१ जानेवारी १९७३, रविवार. अ‍ॅबी रोड स्टुडिओ. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने पंचविशीतल्या या गायिकेला बोलावलं. शब्द नव्हते, स्वरलेखन नव्हतं, सूचनाही जेमतेमच. तिने आवाजालाच वाद्य केलं आणि पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'वरचं ते शब्देविण आक्रंदन दोन-तीन प्रयत्नांत उभं केलं. रविवारचा दुप्पट दर म्हणून तिला ३० पौंड मिळाले. ही रचना ज्या अल्बमवर आली त्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या रचनेच्या श्रेयात संगीतकार म्हणून तिचंही नाव लागतं. बत्तीस वर्षं लागली. तिने त्या दिवशी जे गायलं ती साथसंगत नव्हती, रचना होती. ऐकणाऱ्या कुणालाही कळेल अशी ही गोष्ट कागदावर यायला एवढा काळ जावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता चित्र पालटलं आहे, कारण स्टुडिओच पांगला आहे. आज स्वतंत्र कलाकार आपल्या खोलीत गिटार-कीबोर्डचा कच्चा आराखडा करतो, त्याखाली संगणकातले ड्रम घालतो आणि फाइल दुसऱ्या देशातल्या ड्रमवादकाला पाठवतो. साध्या गाण्यात लयीचा एक आकडा सांगितला की भागतं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये चौथ्या मिनिटाला सातावरून पाचावर, मग अकरावर जायचं असतं. त्यामुळे लय कुठे वाढते आणि मात्रा कुठे बदलतात याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये द्यावा लागतो. ड्रमवादक आपल्या घरी वाजवतो. किक, स्नेअर, प्रत्येक टॉम, डोक्यावरच्या झांजा आणि खोलीचा घुमारा असे दहा-बारा माइक असतील तर तितक्याच फाइली परत येतात. त्या सगळ्या गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू व्हाव्या लागतात, नाहीतर जुळवताना दिवस जातो.

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. समोरचा काय वाजवतोय ते ऐकून आपलं वाजवणं बदलायचं, हे फाइलीत घडत नाही. जाणते कलाकार त्यावर उपाय करतात. खरे ड्रम हातात आले की ते स्वतःचं बेस आणि गिटार पुसून, त्या ड्रमना ऐकत नव्याने वाजवतात. वेळ दुप्पट लागतो, पण नेमक्या याच ठिकाणी अल्बम जिवंत होतो किंवा होत नाही. मार्को मिनेमान या जर्मन ड्रमवादकाने तर हा क्रमच उलटा केला. त्याने आधी ५१ मिनिटांचं सलग ड्रमवादन ध्वनिमुद्रित केलं आणि वेगवेगळ्या संगीतकारांना त्यावर आपापलं संगीत रचायला दिलं. अ‍ॅलेक्स माखाचेकचा '२४ टेल्स' आणि माइक केनिलीचा 'एव्हिडन्स ऑफ ह्युमॅनिटी' हे दोन्ही अल्बम २०१०चे, त्याच ड्रमवर उभे, आणि तरी एकमेकांपासून पार वेगळे.

पाहुणा आणि घरचा यांतली रेघ कशी पुसली जाते, हे पाहायचं तर बिग बिग ट्रेनकडे जावं. हा बँड ग्रेग स्पॉटन आणि अँडी पूल यांनी १९९० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथमध्ये सुरू केला. बरीच वर्षं तो मोजक्या श्रोत्यांपुरताच होता. २००७च्या 'द डिफरन्स मशीन'वर अमेरिकन ड्रमवादक निक डिव्हर्जिलियो पाहुणा म्हणून आला आणि पुढे बँडचाच झाला. २००९च्या 'द अंडरफॉल यार्ड'पासून डेव्हिड लाँगडन गायक होता. त्या अल्बमसाठी एक्सटीसी या बँडचा गिटारवादक डेव्ह ग्रेगरी पाहुणा म्हणून आला आणि तोही राहिला. फ्रान्सिस डनरी आणि जेम गॉडफ्री येऊन वाजवून गेले. आणि त्या अल्बमने ब्रास बँड आणला: कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या आणि गिरण्यांच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेला तो आवाज रॉकमध्ये आला तो सजावटीसाठी नव्हे, कारण ही गाणीच त्या कष्टकरी इंग्लंडची आहेत. शीर्षकगीत जवळपास तेवीस मिनिटांचं आहे. त्यात ब्रिस्टलच्या गोदीतला गाळ काढण्यासाठी जलद्वारांची योजना करणाऱ्या इझंबार्ड ब्रुनेलचा, रेल्वे बांधणाऱ्यांचा काळ आहे. 'विंचेस्टर डायव्हर' हे गाणं विल्यम वॉकर या पाणबुड्यावर आहे. विंचेस्टर कॅथेड्रलचा पाया खचू लागला तेव्हा १९०६ पासून पाचेक वर्षं तो गढूळ काळ्या पाण्यात उतरून, हाताने चाचपत काँक्रीटच्या पोत्यांची थप्पी लावत राहिला. अशा माणसासाठी ब्रास वाजायलाच हवं होतं. पुढे 'ईस्ट कोस्ट रेसर'मध्ये मॅलर्ड या वाफेच्या इंजिनाची गोष्ट आली. १९३८ मध्ये त्या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा वेग गाठला होता.

हे सगळं त्यांनी स्वतःच्या छोट्या लेबलवरून केलं. कंपनी असती तर 'पाणबुड्यावरचं गाणं कोण ऐकणार' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला असता. २०१५च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज प्लेस सभागृहात ते बऱ्याच वर्षांनी रंगमंचावर आले, ते ब्रासवाल्यांना बरोबर घेऊनच.

२०१७च्या 'ग्रिम्सपाउंड'वर 'द आयव्ही गेट' या गाण्यात ज्युडी डाइबल पाहुणी म्हणून गायली. तिथून लाँगडन आणि ती दोघं मिळून एक अख्खा अल्बम करायला लागले. शब्द तिचे, संगीत त्याचं, आणि बिग बिग ट्रेनचे बरेच वादक आता त्या दोघांचे पाहुणे. 'बिट्वीन अ ब्रेथ अँड अ ब्रेथ' सप्टेंबर २०२० मध्ये आला, पण डाइबल त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोगाने गेली होती. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, घरातल्या एका अपघातानंतर लाँगडनही गेला, वयाच्या ५६व्या वर्षी. या दोन आवाजांना एकत्र ऐकताना वय, आजार आणि आयुष्याचा उतार यांविषयी इतक्या शांतपणे बोलता येतं, याचा धीर येतो. माझ्या लेखी गेल्या दशकातला हा या धाटणीतला सर्वांत सच्चा अल्बम आहे.

मधल्या काळात बिग बिग ट्रेनमध्ये चौघेच उरले होते. लाँगडन आणि स्पॉटन इंग्लंडमध्ये, डिव्हर्जिलियो अमेरिकेत, रिकार्ड शोब्लोम स्वीडनचा. त्यात करोनाच्या साथीचा काळ. जुलै २०२१च्या 'कॉमन ग्राउंड'वर गिटारवादक डेव्ह फॉस्टर, गायिका कार्ली ब्रायंट आणि स्कॉटिश लोकसंगीतातला फिडलवादक एडन ओ'रूर्क पाहुणे आहेत. त्यातली 'अटलांटिक केबल' ही पंधरा मिनिटांची रचना १८५८ मध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड समुद्राखालून टाकलेल्या पहिल्या तारेबद्दल आहे. ती तार तीनेक आठवड्यांतच निकामी झाली, पण दोन खंड एकमेकांशी बोलू शकतात हे तेवढ्यात कळलं.

पैशांचं काय? श्रोत्यांकडूनच पैसे उभे करण्याच्या वाटेवर मॅरिलियन हा बँड सुरुवातीच्यांपैकी एक. १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नाही म्हटल्यावर तिथल्या चाहत्यांनी आपणहून सुमारे ६०,००० डॉलर गोळा केले. त्यातूनच २००१च्या 'अनोराकनोफोबिया'साठी बँडने श्रोत्यांकडून आगाऊ पैसे घेतले. बारा हजारांवर लोकांनी न निघालेला अल्बम विकत घेतला. हीच कल्पना पुढे संकेतस्थळांनी व्यवसाय म्हणून उचलली. २००९ मध्ये सुरू झालेलं प्लेजम्युझिक २०१९ मध्ये बुडालं आणि श्रोत्यांनी भरलेले पैसे कित्येक कलाकारांपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांतल्या अनेकांनी पाहुण्या वादकांना कबूल केलेलं मानधन त्याच पैशांतून द्यायचं ठरवलेलं असणार. अल्बम विकणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळाचा हिशेब सरळ आहे: त्यांचा वाटा डिजिटल विक्रीवर १५ टक्के, सीडी-एलपीवर १० टक्के, उरलेल्यातले बहुतांश कलाकाराचे. २० मार्च २०२० रोजी त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला, त्या दिवशी श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली.

पाहुण्यांना मिळतं ते बहुधा प्रत्येक गाण्यामागे ठरलेलं मानधन. पुष्कळदा मात्र देवाणघेवाणच असते, मी तुझ्या अल्बमवर वाजवतो, तू माझ्या. सिडनीचा प्लीनी वास्तुशास्त्र शिकलेला गिटारवादक. 'हँडमेड सिटीज' (२०१६) आणि 'इम्पल्स व्हॉइसेस' (२०२०) हे त्याने स्वतःच काढले. २०२३च्या 'मिराज'वर टोसिन अबासी त्याच्यासोबत वाजवतो. दोन गिटारवादक, आणि कुणी कुणावर मात करू पाहत नाही. याउलट केवळ नावांसाठी जमवलेल्या पाहुण्यांचे अल्बमही पुष्कळ निघतात. प्रत्येक गाण्यात कुणीतरी नामांकित येतो, तीस सेकंदांचा एकल तुकडा वाजवून जातो, आणि तो तुकडा काढला तरी गाण्याचं काही अडत नाही. अशा अल्बमपेक्षा मला एकट्याने केलेला खडबडीत अल्बम जास्त आवडतो.

आपल्याकडे या पद्धतीचं ठळक उदाहरण म्हणजे स्कायहार्बर. दिल्लीच्या केशव धरने घरच्या स्टुडिओत सुरू केलेला हा प्रकल्प. २०१२च्या 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज'वर इंग्लंडचा डॅनिअल टॉम्पकिन्स गायला, टोकियोत राहणाऱ्या मार्टी फ्रीडमनने गिटार वाजवलं, आणि अल्बमच्या दुसऱ्या, आक्रमक भागात मुंबईच्या 'भयानक मौत'चा सुनीत रेवणकर गायला. २०१४च्या 'गायडिंग लाइट्स'साठी त्यांनी श्रोत्यांकडूनच निधी उभा केला. मुंबईचा वॉरन मेंडोन्सा 'ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज' या नावाने २००७ पासून शब्दांविना गिटारचे अल्बम स्वतःच्या बळावर काढतो आहे. ते काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह रॉक नाही, पण पिंक फ्लॉइड आवडणाऱ्यांनी २०१७चा 'द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन' जरूर ऐकावा.

मुंबई-पुण्यातल्या तरुण वादकांना या निमित्ताने एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने गायक-वादकांचा आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क मान्य केला आहे. मित्राच्या अल्बमवर वाजवतानाही मानधन किती, श्रेय कसं लिहायचं आणि आपण सुचवलेली धून रचनेत धरायची की नाही, हे एका पानावर आधी लिहून घ्यावं. मैत्रीला त्याने धक्का लागत नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी 'द अंडरफॉल यार्ड'चं शीर्षकगीत, मग 'बिट्वीन अ ब्रेथ अँड अ ब्रेथ' पूर्ण, आणि त्यानंतर मागे जाऊन 'हार्पसाँग' ऐका. मोबाइलवरच्या संगीत-अ‍ॅपवर वादकांची नावं बहुधा अर्धवटच असतात. शक्य असेल तर सीडी घ्या, नाहीतर बँडकॅम्पवरून अल्बम विकत घ्या. तिथे कलाकार स्वतः लिहितो, कोणत्या गाण्यात कॉर्नेट कुणाचा आहे ते.