पाऊणकी येणारी शाळा

हरिहरेश्वरला आलेल्या माणसाला दर्शन झालं की प्रदक्षिणा घालायची असते. देवळामागून पायऱ्या चढायच्या, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट समुद्रापर्यंत उतरायचं आणि लाटांनी कोरून जाळी पाडलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून परत यायचं. ही वाट ओहोटीपुरतीच मिळते. भरतीत ती पाण्याखाली जाते आणि बेसावध पर्यटकांचे तिथे जीव गेले आहेत. मग ओहोटी कधी? लोक मोबाइल काढतात, नारळवाल्याला विचारतात. याच किनाऱ्यावरच्या प्राथमिक शाळेतली चौथीतली मुलगी बोटांवर न मोजता सांगते, "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला वाट मोकळी."

कोकणातला हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा एकने सुरू. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही मागे सरकते. पूर्वजांनी त्या पन्नास मिनिटांचा सोपा पाऊण तास केला. उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं. म्हणून शाळेतल्या बाई मुलांकडून आणखी एक वाक्य पाठ करून घेतात: हिशेब आला तरी घरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय खडकात उतरायचं नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे आता अभ्यासक्रमात नाहीत. या बाईंनी पाऊणकी परत आणली, कारण अपूर्णांकांचा धडा मुलांच्या डोक्यात शिरेना. भाकरीचे चार भाग करून झाले, कागदाच्या घड्या करून झाल्या. मग एक दिवस त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तिथी फळ्यावर उतरवल्या आणि कोळ्यांच्या मुलांना विचारलं, होडी कधी काढतात? उत्तरं मुलांजवळ होतीच. उधाण कधी असतं, भांगाची लहान भरती कधी असते, हे त्यांना घरच्या बोलण्यातून माहीत होतं. फक्त त्या माहितीचं गणित कुणी त्यांच्यासमोर मांडलं नव्हतं.

जूनच्या अंकासाठी संपादकांनी सांगितलं होतं की पहिलीत मूल घालायला निघालेल्या पालकांना एखाद्या लहान शाळेची ओळख करून द्या. मी हरिहरेश्वर, मारळ, बागमांडला हा पट्टा निवडला. कोविडनंतर मुंबईची खोली सोडून गावी परतलेली, घरगुती खानावळ किंवा निवासाचा धंदा सुरू केलेली तरुण जोडपी इकडे आहेत, आणि "मुलाच्या शाळेचं काय" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. या लेखातल्या शाळेचं नाव मी मुद्दाम घेत नाही. बाईंनी तशी विनंती केली, आणि जे सांगायचं आहे ते या किनाऱ्यावरच्या पुष्कळ शाळांना लागू आहे.

इतिहास थोडक्यात. गाव पेशव्यांच्या कुलदैवताचं, शेजारचं श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचं. इथल्या प्राथमिक शाळा आधी जिल्हा लोकल बोर्डाकडे होत्या. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. 1981 मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, पाट्या बदलल्या. जुन्या दाखल-खारीज नोंदवह्यांत मात्र कुलाबा तसाच राहिला. आजोबांच्या जन्मतारखेसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी मुंबईकर नातू आजही या वहीपाशी येऊन उभा राहतो. गावातल्या पुष्कळ घरांचा सर्वांत जुना लेखी पुरावा या शाळेच्या लोखंडी कपाटात आहे.

आता वर्गात जाऊ. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या. शहरातल्या पालकांना हे ऐकून धक्का बसतो. एका खोलीत दोन वर्ग कसे शिकणार? मला वर्गात बसल्यावर हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आहेत आणि मुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात. बाई पहिलीशी बोलत असतात तेव्हा दुसरीच्या हातात काम असतं. ते काम आदल्या संध्याकाळी तयार केलेलं, आणि मुलाला न विचारता सुरू करता येईल असं असावं लागतं. तिथेच सगळं कौशल्य आहे. काम फार सोपं असेल तर पाच मिनिटांत संपतं आणि गोंगाट होतो. फार अवघड असेल तर मूल बाईंचा पदर ओढतं आणि पहिलीचा धडा मोडतो. बाईंच्या टिपणवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे रोजचं काम लिहिलेलं असतं. कुणी जोडाक्षरांवर अडकलंय, कुणी हातच्याच्या वजाबाकीवर. इयत्तेची रेघ त्या वहीत पुसट होत जाते. दुसरीतला एक मुलगा वाचनाला पहिलीबरोबर बसतो आणि गणिताला तिसरीच्या खोलीत जातो, आणि त्यात कुणालाही वावगं वाटत नाही.

मोजायला सुपाऱ्या आहेत, श्रीवर्धनच्या प्रसिद्ध रोठा सुपाऱ्या, बागायतदार पालकांनी दिलेल्या. सुटी सुपारी म्हणजे एकक, दहांची पुडी म्हणजे दशक. पहिलीतली मुलगी पुडी सोडून हातचा घेते तेव्हा मागे बसलेला दुसरीतला भाऊ तिची चूक दाखवतो आणि दाखवता दाखवता स्वतःचा धडा पक्का करतो. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की बोलणं अशक्य होतं. त्या वेळेसाठी लेखनाची आणि चित्रांची कामं राखून ठेवलेली असतात. कोकणातल्या जुलैमध्ये हे नियोजन रोज लागतं.

अनेक इयत्ता एकत्र शिकवण्याकडे नाइलाज म्हणून पाहिलं जातं. पण जगात त्याची पद्धत बनवलेली माणसं आहेत. कोलंबियात 1970 च्या दशकात विकी कोलबर्ट यांनी खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी 'एस्क्वेला नुएवा' उभी केली; मुलं स्वतःच्या गतीने मार्गदर्शक पुस्तिका सोडवत पुढे जातात. आपल्याकडे आंध्रात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने शिकण्याची शिडी आणि कार्डांचे संच तयार केले, त्यातून कर्नाटकाची 'नली-कली' निघाली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर आणि भिंतींवर शिकण्याचं साहित्य रेखून ज्ञानरचनावाद राज्यातल्या शिक्षकांपर्यंत पोहोचवला. त्याही आधी, 1945 मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच किनाऱ्यावर उत्तरेला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ज्या अंगणवाडीतून ही मुलं पहिलीत येतात, तिच्या मुळाशी ताराबाईंची अंगणातली बालवाडी आहे. बाईंनी अनुताईंचं लेखन वाचलंय. कपाटात खडूंच्या खोक्यामागे त्यांचं पुस्तक ठेवलेलं असतं.

शाळेभोवतीच्या माणसांविषयी. बागायतदार, कुणबी, कोळी, मजुरीला आलेली कुटुंबं, सगळ्यांची मुलं इथे एका पंगतीत जेवतात. मुसलमान वस्तीतली काही मुलं उर्दू शाळेत जातात, काही इथे येतात. खिचडी शिजवणारी मावशी मुलांचीच कुणी तरी आजी किंवा काकू असते. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं हे सरकारी माप. कोण मूल आज ताटात टाकून उठलं आणि का, हे मावशीचं माप. एखादी मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही की ती बाईंच्या कानावर घालते. शहरात यासाठी समुपदेशक नेमतात.

बाई स्वतः घाटावरच्या. रायगडच्या शाळांमध्ये मराठवाड्यातून, नगर-सोलापुराकडून आलेले शिक्षक पुष्कळ. पहिल्या वर्षी मुलांनी त्यांना निवटी आणि कालवं ओळखायला शिकवलं, मांदेली आणि बोंबील यांतला फरक सांगितला. बाईंनी त्याचा धडा केला: मुलांनी माशांची चित्रं काढायची, घरच्या बोलीत नाव लिहायचं, शेजारी पुस्तकी नाव. ती वही दरवर्षी नव्या शिक्षकाला दाखवली जाते. वेळासप्रमाणेच हरिहरेश्वरच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस विज्ञानाचा एक तास किनाऱ्यावर होतो.

पालकांना ठामपणे सांगावं असं काही आहे. प्रवेशासाठी कायद्याने परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. पुस्तकं मोफत. इंग्रजी 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे शाळा कशी चालते हे विचारण्याचा तुमचा अधिकार लेखी आहे. तो वापरणारे पालक जिथे आहेत तिथे शाळा उभी आहे, हे मी या पट्ट्यात पाहिलं.

अडचणी लपवून ओळख करून देता येत नाही.

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी 110-120 किलोमीटर. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांबरोबर शाळांचे पत्रे उडाले. कोविडमुळे शाळा बंद होत्या, म्हणून मुलं वर्गात नव्हती. वाड्या पुन्हा फळायला वर्षं लागतात, आणि ज्या घरांचं उत्पन्न गेलं त्यांतली काही कुटुंबं कामासाठी मुंबई-पनवेलकडे गेली ती मुलांसकट. वादळाने पत्रे नेले ते परत बसले. पटावरून गेलेली नावं परत आली नाहीत.

आणि आता सगळा प्रश्न पटाचा आहे. 2017 च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या 1,300 हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. 2023 च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा शाळा 14,783 होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे नमुने पुढे ठेवले गेले. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, मैदान, संगीत शिक्षक मिळू शकतो, हे खरं आहे. पण समूह शाळेचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाने रोज बसने जाणं. हा रस्ता डोंगराला वळसे घालत, खाडी ओलांडत जातो. पावसाळ्यात दरड आली की मोठी माणसंही अडकतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिलीचं मूल आईच्या हाकेच्या अंतरावर शिकलं पाहिजे, आणि पंधरा मुलांची शाळा चालवण्याचा खर्च हा सरकारने आनंदाने करायचा खर्च आहे. ज्या वर्गात प्रत्येक मुलाचं रोजचं काम वेगळं लिहिलं जातं, तो वर्ग लहान असल्यामुळेच ते शक्य होतं.

दुसरी अडचण गावातूनच येते. सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी वाडीवर येते, आणि ज्या घराला परवडतं ते मूल तिच्यात बसवतं. त्यांना दोष देता येत नाही. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांशी आपल्या मुलाने इंग्रजीत बोलावं असं कुणाला वाटणार नाही? पण एक गाडी चार मुलं घेऊन गेली की पट पंधराचा अकरा होतो. मग कायद्यात दोन शिक्षक असले तरी दुसऱ्याचं पद अडचणीत, मग उरलेले पालक म्हणतात एकशिक्षकी शाळेत कशाला घालू. तिसरी अडचण बदली. बाईंचा नवरा घाटावर नोकरीला आहे, आंतरजिल्हा बदलीच्या यादीत त्यांचं नाव आहे, आणि ते लागलं तर त्या जातील. जावंच त्यांनी; घर तिकडे आहे. टिपणवही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्यायची त्यांनी ठरवलंय. ती वही वाचणारा शिक्षक मिळतो की जागा रिकामी राहते, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि चौथीनंतर काय? पाचवीसाठी मोठ्या गावाला जावं लागतं, काहींना श्रीवर्धनला, 18-20 किलोमीटरवर. एसटीची वेळ शाळेच्या वेळेला जुळली तर मुलगी शिकते, नाही जुळली तर मामाकडे मुंबईला जाते किंवा थांबते. समितीच्या गेल्या बैठकीत पालकांनी बसच्या वेळेचा ठराव करून आगाराला पाठवला. उत्तराची वाट पाहणं चालू आहे.

शिक्षकांची संख्या 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते, आणि त्यात ज्यांचं आधार जुळतं तीच मुलं धरली जातात. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, असं इकडे पुष्कळदा होतं. मूल रोज वर्गात असतं आणि मोजणीत नसतं. गावी परतलेल्या, अजून मनाशी ठरवत असलेल्या पालकांनी जूनमध्ये नाव घालताना दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावं. दुरुस्ती लागली तर तालुक्याला जाऊन जुलैतच करून घ्यावी. गणपतीत कचेऱ्या ओस असतात आणि त्यानंतर सप्टेंबर संपायला फार दिवस उरत नाहीत.