ओठांवर आहे, पण आठवेना!

‘प’वरून आहे त्यांचं आडनाव, शेवटी ‘कर’ आहे. पराडकर नाही, पेडणेकर तर नाहीच… आणि मग रात्री भांडी विसळताना, कुणी विचारलेलंही नसताना अचानक: पणशीकर!

हार्वर्डमध्ये रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये हा छळ प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणला. विद्यार्थ्यांना अनवट शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचा. शब्द ओठांवर अडकला की विचारायचं, पहिलं अक्षर तरी सांगा. निम्म्याहून जास्त वेळा ते बरोबर निघालं! म्हणजे शब्द आत शाबूत असतो, बाहेर यायची वाट तेवढी सापडत नाही. स्मरणशक्तीच्या बहुतेक गमती या वाटेवरच घडतात.

आडनावांचं तर विचारूच नका. चेहरा दाखवून ‘हे सुतारकाम करतात’ असं सांगितलं तर लक्षात राहतं. ‘यांचं आडनाव सुतार’ म्हटलं की निसटतं. शब्द तोच! ब्रिटनमध्ये १९८७ साली असाच प्रयोग झाला, तिथे ‘बेकर’सारखी आडनावं होती. धंद्याच्या मागे रंधा, करवत, भुसा असं सगळं चित्र उभं राहतं. आडनावाला असा आधार नसतो. तेव्हा लग्नात कुणाचं नाव विसरलात तर फार ओशाळू नका.

विसरण्याचा वेग मोजला जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसनं. प्रयोग करणारा एकटा आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तोही एकटा, स्वतःच. सुमारे २,३०० निरर्थक अक्षरजोड्या जमवून त्यांच्या याद्या तो घोकत बसला. यादी पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात, हे त्याचं माप. २० मिनिटांनी ५८ टक्के वाचत, दिवसानंतर ३४ आणि महिन्यानंतर २१. घसरण पहिल्याच दिवशी. पुढे जे उरतं ते चिवट. १८८५ साली त्यानं हे पुस्तकरूपात छापलं. एवढी कंटाळवाणी चिकाटी दाखवून कायमचं नाव कमावणारा दुसरा शास्त्रज्ञ शोधावा लागेल.

परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान चारदा वाचणाऱ्यांसाठी हे खास. अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. उलटसुलट पाढे विचारणाऱ्या, पावकी-निमकीपासून साडेतीनाच्या औटकीपर्यंत म्हणवून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना यात काही नवल वाटलं नसतं. घनपाठी वैदिक तर एक शब्द सुटू देत नाहीत: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग दुसऱ्या शब्दापासून तीच कसरत. चूक झालीच तर तिथल्या तिथे पकडली जाते.

१९७५ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही कोरड्यावर पाठ करायला लावले. जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. किस्सा झकास, पाठ्यपुस्तकांत अजून मिरवतो. पण २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा निकाल आला नाही. त्यामुळे अभ्यासाला परीक्षा केंद्रावर जाऊन बसायची घाई नको.

आता हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, अमेरिकेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. त्यानंतर नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर कित्येक वर्षं भेटत राहिल्या आणि त्याच्या लेखी प्रत्येक भेट पहिलीच. मग त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला ठाऊक नाही! म्हणजे हाताला येतं ते वेगळीकडे साठतं, असा अर्थ निघाला. २००८ मध्ये तो वारला, आणि पुढे त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून ठेवले गेले.

याच्याही आधीचा, जिनिव्हाच्या क्लापारेदचा खोडसाळपणा बघा. स्मृती गेलेल्या रुग्ण बाईंशी हस्तांदोलन करताना त्यानं हातात टाचणी लपवली. पुढच्या भेटीत बाईंनी त्याला ओळखलं नाही, पण हात काही पुढे केला नाही. का, तेही सांगता येईना. आज कुठलीच समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.

खोट्या आठवणी तर फुकट मिळतात. एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या अपघाताची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना, ‘धडकून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती. आठवड्यानंतर प्रश्न: फुटलेली काच दिसली का? फितीत काच नव्हतीच. पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांना ती आठवली, चक्काचूरवाल्या ५० पैकी १६ जणांना.

त्याहून कडी म्हणजे १९८६ चा चॅलेंजर यानाचा स्फोट. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे आणि कशी कळली. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा अनेकांच्या हकिकती साफ बदललेल्या. जुना कागद समोर ठेवला तर काहींचं म्हणणं, अक्षर माझंच, पण झालं होतं तसं नाही.

आणि ज्याला विसरताच येत नव्हतं तो? मॉस्कोतला सोलोमन शेरेशेव्स्की. वार्ताहर असताना टिपणं घेत नाही म्हणून संपादकानं झापलं, तर पठ्ठ्यानं सूचना शब्दशः म्हणून दाखवल्या. पुढे स्मृतीचे जाहीर खेळ करू लागला. कालच्या खेळातले आकडे आजच्यात घुसू नयेत म्हणून ते कागदावर लिहून जाळून बघितले. राखेतही आकडेच दिसले. शेवटी ‘आता नको’ असं मनाशी ठरवलं की ते येत नाहीत, हा शोध त्याला लागला. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरियांनी त्याला सुमारे ३० वर्षं तपासलं. वर्षांपूर्वीच्या याद्या तो खडाखडा म्हणायचा. चेहरे लक्षात ठेवायला मात्र त्याला जड जायचं. कारण काय, तर ते सारखे बदलतात!