वय अंदाजे चालत नाही

‘हा महिना कोणता? तुमचं वय किती?’ अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णाला मीरा रोड-भाईंदरच्या एखाद्या रुग्णालयात आणलं, तर खाटेशी उभे राहून डॉक्टर हे विचारू शकतात. मागून सून उत्तर पुरवते, पण ते धरत नाहीत. रुग्णाचं पहिलंच उत्तर मोजायचं आणि वय एका वर्षाने चुकलं तरी चूकच, असा नियम आहे.

हे प्रश्न झटक्याने झालेलं नुकसान मोजणाऱ्या मोजपट्टीतले आहेत, तिचं नाव एनआयएचएसएस. 1989 साली अमेरिकेत ती प्रसिद्ध झाली. गुण 0 ते 42, आणि शाळेच्या उलट, जितके जास्त तितकं नुकसान मोठं. हात 10 सेकंद, पाय 5 सेकंद उचलून धरायचा. हात खाली सरकला पण पलंगाला टेकला नाही, तर 1. अजिबात हलला नाही, तर 4. नजर, चेहरा, स्पर्श, बोलणं असं सगळं काही मिनिटांत तपासून होतं.

आपल्याकडे अडतं ते भाषेपाशी. मूळ चाचणीत वाचायला इंग्रजी वाक्यं आहेत, ओळखायला निवडुंग आणि हातमोजा. उत्तनच्या कोळणीने हातमोजा ओळखला नाही, तर दोष मेंदूचा की चित्राचा? हिंदी आवृत्ती एम्सच्या डॉक्टरांनी पारखून घेतली आहे. पण या शहरात मराठी, गुजराती, मारवाडी बोलणारेही खाटेवर येतात. आणि महिना विचारल्यावर आजी ‘श्रावण’ म्हणाली, नि तो खरंच चालू असला, तर? मला विचाराल तर उत्तर बरोबर.

भाषेचं पारडं तसंही जड आहे. 42 पैकी 7 गुण थेट भाषेवर अवलंबून, आणि भाषा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत. त्यामुळे उजव्या मेंदूत तेवढीच इजा झाली तरी गुण कमी भरतात. लहान मेंदूचा झटका तर कधी शून्यावरही सुटतो, कारण चालणं या पट्टीत नाहीच. म्हणून जाणते डॉक्टर शून्य आलं तरी रुग्णाला उठवून बसवतात, जमल्यास उभं करतात.

गुणांइतकीच वेळही महत्त्वाची. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. हे तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री अकराला धडधाकट झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा हात घेऊन उठला, तर मोजणी अकरापासून. अशा काही रुग्णांना एमआरआय पाहून औषध देता येतं. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करतानाच रुग्ण शेवटचा ठीक दिसल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर ती घरच्यांनाच विचारतात.