एका दाताची गोष्ट

टायमिंग बेल्ट नवा कोरा, बिल ताजं... आणि गाडीला मात्र हुडहुडी! सातारा-सांगली रस्त्यावर मिळालेला एक धडा.

‘ताई, बेल्ट नवीन आहे. शंभर-दोनशे किलोमीटर पळवा, सेट होईल.’

साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याचं हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झाले. बाबांच्या जुन्या सॅन्ट्रोचा टायमिंग बेल्ट शनिवारी बदलून घेतला होता, कारण मॅन्युअलमधली मुदत कधीच उलटून गेली होती. सकाळी गॅरेजमध्ये सोडताना गाडी एकदम ओके. संध्याकाळी आणली, तर उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतंय, आरशातलं मागचं चित्र हलतंय आणि एसी लावला की इंजिन बंद पडायच्या बेतात!

पण रविवारी सांगलीला जाणं भाग होतं. सोमवारी सकाळी साताऱ्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि तिला आणायचं काम माझ्याकडे. निघाले. गंमत म्हणजे हायवेवर गाडी जवळपास नॉर्मल. वाटलं, झाली वाटतं सेट! पण चढावर पिकअप नाही आणि पेठ नाक्याला वेग कमी केला, की पुन्हा थरथर. सांगलीत शिरेपर्यंत मी मनातल्या मनात नवीन इंजिनाचा ईएमआय काढून झाला होता.

आधी शेवटचं काम तपासा

मामानं एका मिस्त्रींकडे नेलं. रविवार असूनही शटर अर्धं वर होतं. मी सुरू झाले, ‘पेट्रोलमध्ये भेसळ असेल का? इंजेक्टर खराब झाले असतील का?’ त्यांनी हातानंच थांबवलं.

‘काल सकाळपर्यंत गाडी चांगली होती नव्हं? मग काल काय केलंय, ते आधी बघायचं. बाकीचं नंतर.’

आयटीवाल्या दोस्तांनो, ओळखीचं वाटतंय ना? परवापर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज बिघडला, तर कालचा बदल आधी उघडायचा. तेच लॉजिक!

मग तपासणी सुरू झाली, फुकटच्या गोष्टींपासून. बेल्ट बदलताना बाजूला केलेला एखादा हवेचा पाइप सुटा राहिलाय का? नाही. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात का? नाही. सेन्सरची पिन अर्धवट बसलीये का? नाही. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडरचा आकडा कमी, आणि सारखाच कमी.

‘एकच कमी असता तर त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर, रिंगवर शंका घेतली असती. चारही एकदम खराब होत न्हाईत. टायमिंग हाय हे.’

दोन चाकं, एक ताल

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, त्याच्यामुळे पिस्टन वर-खाली होतात. वर असतो कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. हा ताल सांभाळतो दात असलेला टायमिंग बेल्ट. समजा, क्रँकच्या चाकाला २० दात आहेत. मग एक दात चुकला की क्रँकच्या हिशेबानं तब्बल १८ अंशांचा फरक पडतो! कॅम मागे राहिला तर व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि आत आलेली थोडी हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. इंजिन सावकाश फिरताना हे जास्त जाणवतं, वेगात काहीसं झाकलं जातं. माझी गाडी हायवेवर शहाण्यासारखी का वागत होती, ते आता कळलं.

कव्हर उघडून मिस्त्रींनी पान्यानं क्रँक हळूहळू फिरवला. खालची खूण जुळली. वरची? बरोब्बर एक दात मागे! बेल्ट चढवताना ओढीच्या बाजूला ढील राहिली होती.

‘पण ते म्हणाले होते, सेट होईल...’

‘बेल्ट म्हणजे काय नवी चप्पल हाय व्हय, वापरून सैल व्हायला? दात हायत त्याला.’

मिस्त्रींची सुरुवात शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांवर झालेली. हा सगळा पट्टाच इंजिन-पंपांचा आहे म्हणा! सातारा रोडला धनजीशहा कूपर यांचा इंजिनांचा कारखाना, इकडे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी. त्या पंपाच्या इंजिनांत बेल्टऐवजी गिअर असतात, पण खुणा जुळवायचा नियम तोच, असं मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बेल्ट उतरवला, खुणा जुळवल्या, टेन्शनर बसवला. मग चावी न लावता हातानं इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. साताऱ्यात राहून गेलं होतं ते बहुधा हेच पाच मिनिटांचं काम. कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट आणखी दोन-चार दात सरकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मी तशाच गाडीत आजीला बसवणार होते!

स्टार्टर मारला. आरशातलं चित्र स्थिर.

संध्याकाळी निघालो. आजी पेठ नाक्याच्या आधीच झोपली. साताऱ्यात पोचल्यावर मी गॅरेजवाल्याला फोन केला. भांडायची पूर्ण तयारी होती. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग त्यानं एवढंच विचारलं, ‘किती दात?’

त्याला पहिल्याच दिवशी कळलं असावं. मलाही थोडं कळलंच होतं की. ‘सेट होईल’ हे आम्हा दोघांनाही सोयीचं होतं, इतकंच.

बेल्ट बदलल्यावर गाडी थरथरतेय?

• ‘पळवून बघू’ नको. गाडी थांबवा, गॅरेजवाल्याला तिथेच बोलवा.
• आधी स्वस्त शंका : सुटे पाइप, प्लगच्या वायरी, सेन्सरच्या पिना.
• चेक इंजिन लाइट लागला असेल, तर स्कॅनरवर कोड वाचून घ्या.
• चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी असेल, तर टायमिंगच्या खुणा तपासायला सांगा.
• गाडी ताब्यात घेताना एकच प्रश्न : ‘हातानं दोन फेऱ्या फिरवून पाहिलंत ना?’
• तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये आजच बघा.