पाटीवर न लिहिलेले दोन आकडे

पालघर स्थानकावर तुम्ही अनेकदा गाडीची वाट पाहिली असेल. आपल्याकडे फलाटाच्या टोकाला स्थानकाच्या नावाची मोठी पिवळी पाटी असते आणि बहुधा त्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. दोन स्थानकांच्या उंचीतील फरक पाहिला की मधल्या मार्गावर चढ आहे की उतार, हे कळते.

पण पृथ्वीवरील एखादी जागा नेमकी सांगायला एक आकडा पुरत नाही. तीन लागतात : उंची, अक्षांश आणि रेखांश. पाटीवर न लिहिलेले दोन आकडे आपण शोधू. पालघर स्थानक सुमारे १९.७० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.७७ अंश पूर्व रेखांशावर आहे. बोईसरचा अक्षांश आहे सुमारे १९.८०. फरक ०.१० अंशाचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे बोईसर पालघरच्या उत्तरेला सुमारे ११ किलोमीटर असले पाहिजे. रुळांवरून हे अंतर १२ किलोमीटरच्या आसपास भरते. वहीतल्या वजाबाकीने आपण जवळजवळ बरोबर उत्तर काढले!

आता दशांश चिन्हापुढील स्थळांकडे लक्ष द्या. दोन स्थळांपर्यंतचा आकडा आपल्याला सुमारे १.१ किलोमीटरच्या पट्ट्यात नेऊन सोडतो. म्हणजे गाव कळले, घर नाही. तीन स्थळे घेतली तर ११० मीटर, चार घेतली तर ११ मीटर आणि पाच घेतली तर सुमारे एक मीटर. पाच स्थळांचा आकडा मिळाला, तर झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली डबीसुद्धा सापडू शकेल.

एवढा बारीक आकडा मिळतो उपग्रहांकडून. अमेरिकेच्या जीपीएस या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. भारतानेही २०१३ पासून ‘नाविक’ या आपल्या व्यवस्थेचे उपग्रह पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक आण्विक घड्याळ असते. ‘मी अमुक जागी आहे, आता इतके वाजले आहेत,’ असा संदेश तो रेडिओलहरींवरून सतत पाठवीत असतो. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. संदेश पोहोचायला किती वेळ लागला हे कळले की त्याला वेगाने गुणायचे. उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरते. मग चौथा उपग्रह कशाला? आपल्या मोबाईलमधले घड्याळ आण्विक नसते. ते सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाने चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा साक्षीदार लागतो.

२००० सालापर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम अशुद्धता मिसळत असे. त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या आरंभी हा प्रकार बंद झाला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात एका बादलीत वही, पेन्सिल आणि काही वस्तू ठेवून ती रानात दडवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली! यातूनच ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्मला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचे, वस्तू घेतली तर बदल्यात दुसरी ठेवायची आणि डबा पुन्हा जागच्या जागी ठेवायचा.

हा खेळ एखाद्या धबधब्याजवळच्या स्थानकावर खेळता येईल का? आपल्या जिल्ह्यात जव्हारजवळ दाभोसा धबधबा आहे, पण तिथे रेल्वे नाही. दोन्ही एकत्र पाहायचे तर गोव्याच्या सीमेवरील दूधसागरला जावे लागेल. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारे पाणी आणि त्याच्यासमोरून पुलावरून जाणारी गाडी! हा घाटमार्ग १८८८ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे रेल्वेच्या मानाने फारच तीव्र आहे.

तिथे मोबाईलची पंचाईत होते. दरीत निम्मे आकाश कड्याआड जाते. काही लहरी कड्यावर आपटून वळसा घेऊन येतात. वळसा ३० मीटरचा असेल, तर संदेशाला सेकंदाचा एक कोटीवा भाग उशीर होतो आणि उपग्रह तेवढा दूर आहे असे यंत्राला वाटते. मोकळ्या मैदानात पाच मीटरच्या आसपास असणारी चूक इथे कितीतरी वाढते. यंत्र दाखवते त्या ठिकाणी रूळ असू शकतो, किंवा कड्याची कडाही!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आकडा जागा सांगतो. तिथे जावे की नाही, हे सांगत नाही. परवानगीवाचून रुळांवर जाणे हा रेल्वे कायदा, १९८९ नुसार गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी अडवले होते. शिवाय स्थानकावर बेवारस डबा दिसला तर तो खेळ म्हणून कोण सोडून देईल? तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या परिसरात तर अशी कल्पनाही करू नये.

मग खेळ सोडायचा का? मुळीच नाही. २००४ पासून या खेळाचा एक प्रकार डब्याशिवाय खेळला जातो. दिलेल्या जागी जायचे, तिथला खडक किंवा भूरचना पाहायची आणि प्रश्नाचे उत्तर द्यायचे. दाभोशाचा कडा कोणत्या खडकाचा? लाव्हा थंड होऊन बनलेल्या बेसाल्टचा. स्थानकासाठीही प्रश्न तयार करता येईल : फलाटावरून दिसणाऱ्या पाटीवर उंची किती लिहिली आहे?

डबीच हवी असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या मैदानावर ठेवा. एका गटाने जागेचे आकडे पाच दशांश स्थळांपर्यंत लिहून द्यावेत, दुसऱ्याने शोधावे. यंत्राने ‘पोहोचलात’ असे सांगितल्यावर डबी किती दूर आहे, ते टेपने मोजा. मैदानाच्या मध्यभागी, झाडाखाली आणि उंच भिंतीलगत प्रत्येकी दहा वेळा मोजून सरासरी काढा. सर्वांत मोठी चूक कुठे होईल? मोजण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहून ठेवायला विसरू नका.